पिन लावायला दुसरं माणूस

नवरा घर सोडून गेला त्या वर्षी गवत नेहमीपेक्षा लवकर वाढलं. थंडी ओसरते न ओसरते तोच नासपतीच्या झाडांखाली ते घोट्याच्या वर आलं, आणि कापायचा ट्रॅक्टर तर शेडमध्ये मरून पडलेला.

ती पडदे शिवायची. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांचे. त्यामुळे तिला सगळे पडदेवाली म्हणूनच ओळखत, आणि तिलाही त्यात काही वाईट वाटत नसे. घर वस्तीपासून जरा बाजूला, उतारावर. घराभोवती सहा एकर जमीन, मावशीने जाताना तिच्या नावावर केलेली. वरच्या अंगाला नासपतीच्या रांगा, खाली नुसतं मोकळं रान. फळं धरली की माणसं पोराबाळांना घेऊन यायची, आपल्या हातांनी तोडायची, वजन करून घेऊन जायची. पण त्यासाठी गवत कापलेलं हवं. ते वाढलं की उंदीर झाडांच्या बुंध्याची साल कुरतडतात, आणि गुडघाभर गवतात लेकरू घेऊन कोण शिरणार?

गवत हे नवऱ्याचं खातं. तो बसडेपोत मेकॅनिक होता. नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा, हाताला डिझेलचा वास कायमचा चिकटलेला. रविवारी सकाळी चहा झाला की तो शेडकडे जाई आणि थोड्या वेळाने हाक मारी, "अगं, ये गं." म्हणजे पिन लावायला. गवत कापायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, तर एकाने ट्रॅक्टर मागे घ्यायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून खुणा करायच्या, भोकासमोर भोक आलं की पिन सारायची. तो मान वळवून विचारी, "बसली?"

"बसली."

"नक्की?"

"बसली म्हटलं ना."

मग तो दिवसभर उतारावर खाली-वर करत राही, ती शिवणयंत्रावर बसे, आणि खिडकीतून येणारा ट्रॅक्टरचा आवाज कधी जवळ, कधी लांब होई. कापायचं यंत्र जोडलेलं ठेवूनही भागत नसे. मधेच ट्रॉली लावायची असे, पात्यांना धार करायची असे. म्हणून दर खेपेला सोडा, दर खेपेला जोडा. ट्रॅक्टर मावशीच्या काळातला, क्लच इतका ताठ की त्यावर जवळजवळ उभंच राहावं लागे. सव्वीस वर्षांत ती त्या सीटवर एकदाही बसली नव्हती. गरजच पडली नव्हती.

थंडी सुरू झाली की इंजिनातलं पाणी काढून ठेवायचं, नाहीतर ते गोठतं आणि लोखंड फुटतं. हे तो कधी विसरला नव्हता. त्या वर्षी विसरला. एका सकाळी शेडमधून परत आला तो हात नुसते पुसतच राहिला. "ब्लॉकला तडा गेला," म्हणाला. "माझ्या डोक्यातच राहिलं नाही." तिने त्यालाच धीर दिला. चुकतं माणूस, असं काहीतरी म्हणाली. त्याचं डोकं कुठे होतं ते तिला काही आठवड्यांनी कळलं.

ती तेव्हा एका लांब पडद्याची दुमड शिवत होती. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला की डेपोत तिकीटखिडकीवर एक बाई आहे, आणि तो आता तिच्याकडे राहायला जाणार आहे. तिने यंत्र थांबवलं नाही. शिवण कडेपर्यंत नेली, दोरा तोडला, पडदा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "जेवून जाणार का?"

तो जेवून गेला. दोन बॅगा घेऊन.

तिने आदळआपट केली नाही, कुणाकडे जाऊन पदर डोळ्याला लावला नाही. फक्त एक गोष्ट अडली. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. दुसरं काही नाव तिच्या जिभेवर नव्हतंच. आता अहो म्हणायचं तर कुठल्या हक्काने? आणि नाही म्हणायचं तर दुसरं काय? बँकेच्या नाहीतर विजेच्या कामासाठी फोन करावा लागला की ती एकदम विषयालाच हात घाली: "विजेचं बिल आलंय." "कपाटाची दुसरी किल्ली सापडत नाहीये." जणू भिंतीशी बोलते आहे.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर तापायची. "आई, ते सगळं विकून टाक आणि इकडे ये. आणि त्यांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस."

"बघू," ती म्हणे.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. "गवत वाढलं असेल."

"वाढलंय."

"छोटा डिझेल ट्रॅक्टर बघायला लागेल. जुन्यात आता काही राम नाही. तू एकटी गेलीस तर गळ्यात काहीही मारतील. रविवारी येतो, दोन-तीन ठिकाणी बघून येऊ."

नको म्हणायला हवं होतं, हे तिला फोन ठेवल्यावर कळलं. तोंडातून गेलं होतं, "या."

रविवारी तो कुणाची तरी पिकअप गाडी मागून घेऊन आला. तिने सकाळी केस धुतले होते, ठेवणीतली साडी काढून परत आत ठेवली होती, आणि या दोन्ही गोष्टींसाठी स्वतःलाच चार शब्द सुनावले होते. तो शर्ट नवा घालून आला होता. इस्त्री चांगली होती. तिने बघितलं आणि गाडीत बसून बाहेर बघत राहिली.

आधी गेले ते मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात. काचेच्या मागे ट्रॅक्टर ओळीने उभे, टायरांना पॉलिश केलेलं. सेल्समन तरुण, बोलण्यात पटाईत. त्याने एक निळा, बुटका ट्रॅक्टर दाखवला. गवत कापायचा डेक, म्हणजे पात्यांची पेटी, त्याच्या पोटाखालीच कायमचा बसवलेला, गिअर नाहीत, एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे.

"वहिनी, साहेबांनी रविवारी ताणून द्यावी आणि तुम्ही गाणी ऐकत गवत कापावं, असा आहे हा," तो म्हणाला. "बसून तर बघा."

ती बसली. पाय पेडलला पोचले. समोर बॉनेटचा आरशासारखा चकचकीत पत्रा, त्यात ती आणि तिच्या मागे उभा असलेला तो, दोघं वाकडी-तिकडी दिसत होती. ती घाईने उतरली.

नवऱ्याने खाली वाकून डेक बघितला, एक हात घालून चाचपला. "खेळणं आहे," तो तिला हळूच म्हणाला. "डेक इतका खाली म्हणजे आपल्या उतारावर घासणार. धार करायची तर खाली आडवं पडा. ताकदही बेताचीच."

'आपल्या उतारावर' असं तो म्हणाला. त्याला ते कळलंही नाही.

"दोघं मिळून ठरवा," सेल्समन म्हणाला. "घाई नाही."

दुसरा ट्रॅक्टर एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. त्यांनी डेपोच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. घर कालव्याच्या कडेला, मागे चारेक एकर हिरवळ, इतकी एकसारखी कापलेली की पाय ठेवायला मन धजू नये. ती दोघं मुलाच्या जवळ, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती. सामान अर्धं बांधलेलं. ट्रॅक्टर शेडमध्ये चादर पांघरून ठेवला होता. म्हाताऱ्याने ती चादर काढली आणि बाजूला झाला, मुलगी दाखवायला आणल्यासारखा.

नवऱ्याने आधी इंजिनावर तळहात टेकवला. गिऱ्हाईक यायच्या आधी कुणी ते गरम करून ठेवलेलं नाही ना, ते बघायला. गार होतं. मग तेल मोजायची कांडी काढून बोटावर तेल चोळलं, इंजिनाचे पट्टे चिमटीत धरून पाहिले, सुरू करून धुराकडे बघत उभा राहिला. पहिली फुंकर काळी आली आणि लगेच धूर विरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी एक भाव येत असे, झोपेतल्या लहान मुलाकडे बघताना येतो तसा. तो तिला पाठ होता.

"चालवून बघतो," तो म्हणाला आणि कालव्याच्या बांधावर आडवा घेऊन गेला. बांध उंच होता. एका जागी वरचं चाक खड्ड्याच्या कडेवर चढलं आणि ट्रॅक्टर कलला, इतका की वरचं टायर क्षणभर गवतापासून सुटलं.

"अहो!"

तो तिचाच आवाज होता. ट्रॅक्टर पुढे जाऊन सरळ झाला. त्याने थांबून मागे बघितलं. तिने साडीचं टोक मुठीतून सोडलं आणि म्हातारीला विचारलं, "पाणी मिळेल का जरा?"

मग म्हाताऱ्यांनी यंत्र कसं जोडायचं ते दाखवलं. म्हातारा सीटवर, म्हातारी मागे काठी घेऊन उभी.

"इकडे. अजून इकडे," म्हातारी काठीने दाखवत होती.

"इकडे म्हणजे कुठे?"

"अहो, इकडे. तुमचं इकडे नव्हे, माझं इकडे."

"गेली चाळीस वर्षं हिचं इकडे मला सापडलेलं नाही," म्हातारा नवऱ्याला म्हणाला, आणि सगळेच हसले. तीही. पिन बसली. म्हातारीने काठीने लोखंडावर दोनदा टकटक केलं. तीच त्यांची 'बसली'ची खूण असावी.

चहाला त्यांना आत नेलं. खोकी बाजूला सारून चार खुर्च्या मांडल्या. "किती वर्षं झाली लग्नाला?" म्हातारीने विचारलं.

तिने बशीकडे बघितलं. नवराच म्हणाला, "सव्वीस."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. नोकरी करते. हिच्यावर गेली आहे, हट्टी." आणि त्याने तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. तिलाही हसावं लागलं. इतकं सहज झालं ते सगळं. दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं, पण बसल्याबसल्या त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला, चहाच्या वाफेएवढा वेळ.

आणि मग त्याने, कधी नव्हे तो, एक गोष्ट सांगितली.

"लग्न झालं त्या वर्षी मी गवत कापत होतो," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "ही चहा घेऊन आली आणि मडगार्डवर बसली. बसल्याबसल्या तिला डोळा लागला, डोकं माझ्या खांद्यावर. आता थांबवावं तर आवाज बंद होऊन ही जागी होणार. मग मी कापलेल्याच जागेत गोल गोल फिरत राहिलो. किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. हिच्या मावशीने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, जावई वेडा निघाला."

म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली. पडदेवालीला मात्र हे नवीन होतं. त्या दुपारी डुलकी लागली होती एवढंच तिला आठवत होतं. तिला वाटलं होतं, मिनिटभर.

परत येताना अर्धा रस्ता संपला. गाडीत ऊन यायला लागलं तसं तिने विचारलं, "ते खरं होतं?"

"कोणतं?"

"मी झोपले होते ते. गोल फिरलात ते."

"खरंच."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात काय सांगायचं?"

इतके दिवस तिने मनाची एक समजूत घातली होती. हा माणूस विसरला. जसं इंजिनातलं पाणी काढायचं विसरला तसं हळूहळू सगळंच विसरला, म्हणून जाऊ शकला. विसरणाऱ्यावर रागवायचं तरी किती? पण तो काहीच विसरला नव्हता. खांद्यावरचं डोकं, मावशीची खिडकी, सगळं त्याच्याजवळ नीट ठेवलेलं होतं, आणि ते बरोबर घेऊन तो गेला होता. विसरला असता तर किती बरं झालं असतं.

"मग का?" ती म्हणाली. हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला.

तो समोर बघत गाडी चालवत राहिला. एक वळण गेलं, एक पूल गेला. "मला नीट सांगता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तिच्याशी मला बोलायला सुचतं. घरी गेलो की दिवसभराचं सांगत सुटतो मी, मलाच नवल वाटतं. आपण काय बोलायचो, तूच सांग. बसली का, बसली."

तिला आजवर वाटत आलं होतं की तेच त्यांचं बोलणं आहे. रविवारची ती हाक, मान वळवून विचारणं, खिडकीतून जवळ येणारा आणि लांब जाणारा आवाज, यात सगळं बोलून होतं, अशीच तिची खात्री होती. त्याच्या लेखी ते न बोलणं होतं. एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन, दोघं इतकी वर्षं दोन वेगळ्या घरांत राहत होती.

दारापाशी उतरवून तो खिडकीतून वाकून म्हणाला, "म्हाताऱ्यांचाच घे. जपून वापरलेला आहे, दहा वर्षं डोळे झाकून चालेल. तुला चालवायलाही जमेल, क्लच हलका आहे. पिन लावायचं तेवढं बघावं लागेल, तर जोडायला नि सोडायला मी येत जाईन. महिन्यातून दोनदा. फोन कर फक्त."

"बरं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिच्या हातून दोन पडदे उलट्या बाजूने शिवले गेले. महिन्यातून दोनदा, हे शब्द डोक्यातून जाईनात. म्हणजे रविवारी. म्हणजे चहा होणारच, आणि उशीर झाला तर जेवणही. तिकीटखिडकीवरची तरी काय बोलणार? काम आहे, कामाला येतो माणूस. एकदा तर तिने स्वतःला रंगेहाथ पकडलं: त्याच्या आवडीची चहापत्ती संपत आली आहे, आणून ठेवायला हवी, असा विचार चालला होता.

मुलीला तिने फोनवर सगळं सांगितलं, शक्य तितकं सरळ. "ट्रॅक्टर चांगला आहे. पिन लावायला तुझे बाबा येतो म्हणालेत."

"आणि नाही आले तर?"

"येतील. शब्दाचे पक्के आहेत ते."

आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच ऐकू आलं. "ठेवते," ती म्हणाली.

सौदा पक्का करायला ती एकटीच बसने म्हाताऱ्यांकडे गेली. घर आणखी रिकामं झालं होतं. "मेकॅनिकसाहेब नाही आले?" म्हाताऱ्याने विचारलं.

"डेपोत आहेत," ती म्हणाली. तेवढं खरंच होतं. "काका, मी जरा जोडून बघू का? मलाच."

म्हाताऱ्याने तिला क्लच, ब्रेक, यंत्र उचलायचा हायड्रॉलिकचा दांडा दाखवला. तिने आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवला, हळूहळू मागे घेतला. थांबवला. उतरून मागे जाऊन बघितलं: भोक वीतभर डावीकडे. पुन्हा चढली, पुन्हा घेतला, पुन्हा उतरली. आता उजवीकडे. यंत्र हाताने सरकवायला गेली तर जागचं हललं नाही. गुडघे बोलायला लागले, कपाळावर केस चिकटले. म्हातारी न सांगता काठी घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"नको काकू. एकटीला जमतं का ते बघायचंय."

"एकटीला कशाला, पोरी? ते आहेत ना."

"ते नाहीत," ती म्हणाली. "ते घर सोडून गेलेत. थंडीतच. दुसरीकडे राहतात."

मुलीशिवाय कुणापुढे तिने हे उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं, पण काही झालं नाही. इंजिन चालू होतं. म्हाताऱ्याने हात लांबवून ते बंद केलं.

"पण परवा तर..." म्हातारी म्हणाली.

"परवा नुसते बघायला आलो होतो. ट्रॅक्टर."

म्हातारी एका खोक्यावर बसली. "मी रात्री यांना म्हटलं होतं, अशा जोडीच्या हातात जातोय, मला आता त्याची काळजी नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. झालं भलतंच. पडदेवालीलाच तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "असू द्या काकू," ती म्हणत राहिली, "असू द्या."

म्हातारा ट्रॅक्टरचा पत्रा उगाच पुसत होता. "तुला विकला तर माझं कामच होईल," तो म्हणाला. "पण एकट्याचा नाही हा. सपाट फरशीवर जमेलही एखाद्याला, उतारावर नाही जमायचं. कोणीतरी मागे लागतंच."

"ते येतो म्हणालेत पिन लावायला."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि पुन्हा पत्रा पुसायला लागला.

बसथांब्यावर ती बराच वेळ उभी होती. एक बस तिने सोडून दिली. तो येईल, याबद्दल तिला शंका नव्हती. महिन्यातून दोनदा येईल, पिन लावेल, चहा पिईल, हात पुसेल. आणि महिन्यातून दोनदा जाईल. दर वेळी ती दारात उभी राहणार आणि दर वेळी गाडी फाटकाबाहेर वळणार. एकदा गेला तेव्हा शिवण संपवता आली होती. पुन्हा पुन्हा तिला ते जमणार नव्हतं. पुढची बस आली तशी ती चढली, आणि घरी जायच्या आधीच मोठ्या रस्त्यावर उतरली.

"साहेब नाही आले?" दुकानातल्या सेल्समनने विचारलं.

"नाही. मीच चालवणार आहे. तो निळा."

ट्रॅक्टर दोन दिवसांत घरी आला. पहिल्या दिवशी ती अर्धीअधिक चिडलेलीच होती. एक फांदी बाजूला करायला सीटवरून जराशी उठली की इंजिन बंद पडे. चालवणारा पडला तर पातं थांबावं म्हणून ती सोय आहे हे सेल्समनने सांगितलेलं ती विसरली होती. पट्टे वाकडे गेले, मधे गवताच्या शेंड्या राहिल्या. वरच्या उतारावर डेक खरोखरच घासला आणि हातभर जागेतली माती उघडी पडली. नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. तिने दांडा ओढून डेक वर घेतला आणि पुढे गेली. संध्याकाळपर्यंत दोन एकर झालं. खाली उतरली आणि घरात न जाता पायरीवरच बसून राहिली.

शनिवारी त्याचा फोन आला. मागे बसचे हॉर्न वाजत होते.

"उद्या येऊ ना? म्हाताऱ्यांकडून आणायचा असेल, जोडूनही देतो."

"आणला ट्रॅक्टर. दुकानातला निळा."

"तो? खेळणं?"

"हो."

"अगं, उतारावर घासेल."

"घासतो."

"धार कोण करून देणार?"

"दुकानातला माणूस येतो."

तो थांबला. "डेक पोटाखाली आहे, म्हणजे जोडायचा प्रश्नच नाही."

"नाही."

"म्हणजे मी यायला नको."

"नको," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि कुणीतरी लांबून पाना मागत होतं. त्याला लागलं होतं, हे तिला कळलं. सव्वीस वर्षं ऐकलेला तो गप्पपणा होता, त्यातलं एवढं तरी तिला वाचता येत होतं. क्षणभर तिच्या जिभेवर आलं की या, नुसते चहाला या. मग तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

तो गेला तेव्हा जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. ती पडद्याच्या कापडांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडली, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. तो गेला ते त्याने केलं होतं. हे तिने स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि बरोबर केलं होतं, आणि तरी दुखायचं जराही कमी झालं नव्हतं.

उन्हाळाभर ती गवत कापत राहिली. हळूहळू पट्टे सरळ झाले. फळं धरली तशी माणसं आली, पोरं झाडांवर लोंबकळली. नेहमीच्या एका बाईने वजन करताना विचारलं, "यंदा भाऊ कुठे दिसत नाहीत?" ती म्हणाली, "ते आता इथे राहत नाहीत," आणि नासपती पिशवीत भरून दिल्या. मुलगी चार दिवस येऊन राहिली. ट्रॅक्टरवर बसून तिने दोन फेऱ्या मारल्या, विकण्याचा विषय काढला नाही, आणि जाताना फाटकापाशी आईला घट्ट धरून उभी राहिली. वकिलाकडची कामं झाली. सह्या करताना नवरा समोरच बसला होता, थोडा वाळला होता. "चालतोय ना?" एवढं त्याने विचारलं. ती म्हणाली, "चालतोय."

मग थंडी पडली आणि गवत वाढायचं थांबलं. तिने हे हिशेबात धरलंच नव्हतं. गवत वाढत होतं तोवर रविवार कसे जायचे ते कळत नव्हतं. आता सकाळी चहा झाला की पुढे काहीच नसे. एका रविवारी ती शाल घेऊन वर झाडांपर्यंत चालत गेली. झाडांखालचं गवत आखूड होतं, दवाने पांढरं पडलेलं, कुठेही हात लावण्याजोगं काम नव्हतं. सगळीकडे इतकं शांत होतं की खाली घरातला फोन वाजला असता तर ऐकू आला असता. पाय गार पडेपर्यंत ती तिथे उभी राहिली, आणि मग घरात आली.